चहा पिऊन या

नवीन मशीनला पहिल्यांदा ट्रॅक्टर जोडला आणि आतला ड्रम फिरायला लागला की माझ्या अंगावर अजूनही काटा येतो. सांगायला लाज कसली? माझ्या मैत्रिणींना म्हणे अंतरपाट दूर होताना असं होतं, मला मळणी यंत्राच्या वेळी होतं. आमच्या घरात लेकी कमी आणि मशीनं जास्त उजवली, त्याला कोण काय करणार!

आमचं वर्कशॉप सोनईच्या रस्त्याला. पत्र्याची शेड, पुढे मोकळी जागा, मग डांबरी रस्ता आणि रस्त्यापलीकडे मावशींची चहाची टपरी. गहू, हरभरा, बाजरी, सोयाबीन मळायची मशीनं आम्ही बनवतो. आम्ही म्हणजे माझे वडील. घरात त्यांना आम्ही दादा म्हणतो आणि बाहेरचेही दादाच म्हणतात. पत्रा कापणं, वेल्डिंग, रंग ही कामं बाकीचे करायचे. मशीन उभं राहिलं की शेवटचं काम मात्र दादांचं. त्याला सगळे सेटिंग म्हणायचे. आत काट्यांचा ड्रम फिरतो आणि त्याच्याखाली लोखंडी जाळी असते. दोघांमधली फट किती ठेवायची, यावर सगळा खेळ. फट जास्त झाली तर हरभऱ्याचे घाटे न फुटताच बाहेर पडतात. कमी झाली तर आतला दाणा दुभंगतो आणि डाळ पडते. ही फट दादा मोजून ठेवत नसत, ऐकून ठेवत. एक लांब स्क्रूड्रायव्हर होता त्यांचा, लाकडी मुठीचा. त्याचं टोक मशीनच्या अंगाला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे.

हे मला माहीत आहे कारण लहानपणी एकदा मी पत्र्याच्या भोकातून पाहिलं. एरवी बघायची सोयच नव्हती. सेटिंगची वेळ झाली की दादा हात पुसत मोठ्यानं म्हणायचे, "चला रे, चहा पिऊन या." झालं. वेल्डरचाचा चष्मा काढून ठेवायचे, बाकीची माणसं हत्यारं खाली ठेवायची आणि सगळी वरात रस्ता ओलांडून टपरीवर. कुणी "मला नको" म्हणायचं नाही. ज्याला पित्त होतं त्यानंही जायचं. मीही जायचे, माझ्या वाट्याला अर्धा कप आणि एक खारी. पलीकडे ट्रॅक्टर सुरू व्हायचा, मशीन गरजायचं, थांबायचं, परत गरजायचं. शेवटी दादा शेडच्या तोंडाशी येऊन हात हलवायचे, म्हणजे आता या. पंचक्रोशीत आमच्या माणसांइतका चहा कुणी प्याला नसेल. चहा नरड्यापर्यंत आणि विद्या मात्र थेंबभर नाही!

असं का, ते आईनं मला सांगितलं. दादांचे धाकटे भाऊ, माझे काका, पूर्वी याच शेडमध्ये होते. दादांनी त्यांना बोटाला धरून सगळं शिकवलं, सेटिंगसुद्धा. मग काका वेगळे झाले आणि पुढच्याच फाट्यावर त्यांनी स्वतःचं वर्कशॉप थाटलं. भांडण झालं नाही, डोकी फुटली नाहीत. दिवाळीला दोघे एका पंगतीला बसतात, एकमेकांच्या पानात आग्रहानं लाडू वाढतात. फक्त मशीनविषयी अवाक्षर काढत नाहीत. काका गेले त्या हंगामापासून दादांनी माणसांना चहाला पाठवायला सुरुवात केली. सख्ख्या भावाला शिकवलं तर तो समोर उभा राहिला, मग परक्याची काय गॅरंटी, हा त्यांचा हिशोब. मी म्हणायचे, "अहो, पण मी तर तुमचीच आहे ना?" दादा म्हणायचे, "तू उद्या लग्न करून जाशील, नवऱ्याला सांगशील." नवऱ्याचा पत्ता नाही आणि त्याच्यावर संशय आधी!

मी रागारागानं डिप्लोमाला गेले, मेकॅनिकल घेतलं आणि सुप्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत लागले. तिथं ट्रॅक्टरचे सुटे भाग व्हायचे. कुणाचं कुणाशी नातं नाही. पाथर्डीचा माणूस पारनेरच्या शेजारी, कुणी बिहारचा, कुणी लातूरचा. मला वाटलं होतं, घरचे घरच्यांना सांगत नाहीत तर हे परके काय सांगणार? आणि पहिल्याच शनिवारी मी चाट पडले.

आमच्या विभागाचे साहेब शनिवारी पाळी सुटायच्या आधी सगळ्यांना मशीनभोवती बोलवायचे. चहाची किटली यायची. पहिला कप कुणाला, तर त्या आठवड्यात ज्यानं काहीतरी चुकवलं त्याला! त्यानं कप हातात घ्यायचा आणि काय चुकलं, कसं सापडलं, ते तिथंच सांगायचं. त्या शनिवारी पहिला कप खुद्द साहेबांनी उचलला. म्हणाले, "हत्यारं मी चुकीची मागवली. खालच्या माणसाला विचारलं असतं तर तो लगेच बोलला असता. मी विचारलं नाही." आणि फुर्रकन घोट घेतला. बॉस असं बोलतो? मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. नंतर नंतर तर पहिल्या कपासाठी चढाओढ लागायची. "साहेब, माझी त्याच्यापेक्षा मोठी हाय!" म्हणून लोक भांडायचे. त्या चहानं मला जेवढं शिकवलं, तेवढं कॉलेजच्या सगळ्या फळ्यांनी मिळून नाही शिकवलं. रोज सकाळी मी पळत कंपनीत जायचे. खरंच पळत, बस स्टॉपपासून गेटपर्यंत.

मग साहेबांची बदली झाली आणि नवे साहेब आले. टापटीप माणूस, इस्त्री कडक. पहिल्या शनिवारी एकानं रिवाजाप्रमाणे कप उचलून आपली चूक सांगितली. नव्या साहेबांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि सोमवारी त्याच्या हातात मेमो ठेवला. पुढच्या शनिवारी किटली आली, कुणीच कप उचलेना. चूकच नाही कुणाची! एका आठवड्यात सगळी कंपनी शहाणी झाली. खराब माल मात्र वाढला. तो मालाच्या पेटीत खाली खुपसला जायचा आणि वर चांगला ठेवला जायचा. तीच माणसं, तीच मशीनं, तोच चहा. बदलला फक्त वरचा माणूस. घरचा धंदा आणि परक्यांची कंपनी यात फरक असतो असं मी समजत होते, तो समज तिथं मोडला. जो वर बसतो त्याच्यासमोर बोलता येतं की नाही, एवढाच फरक असतो.

मी राजीनामा दिला आणि घरी येऊन म्हणाले, "दादा, उद्यापासून वर्कशॉपला येते."

"ये की," दादा म्हणाले. "रंगाचं बघ."

रंगाचं! मी दात ओठ खाल्ले, पण गेले. डोक्यात शनिवारची किटली होतीच. नगरला जाऊन एक मोठा पांढरा बोर्ड आणला, शेडच्या भिंतीवर ठोकला, शेजारी रंगीत पेनं लावली. म्हटलं, ज्याला जे कळतं त्यानं इथं लिहायचं. दुसऱ्या दिवशी बघते तर बोर्डाच्या वरच्या कडेला दादांनी लाल पेनानं 'शुभ लाभ' लिहिलं होतं आणि खिळ्याला आपला शर्ट अडकवला होता. महिनाभर त्यावर दुसरं काही उमटलं नाही. आणि सेटिंगची वेळ झाली की हाक तीच, "चला रे, चहा पिऊन या." मीसुद्धा चला. डिप्लोमावाली पोरगी खारी खायला टपरीवर!

पण यावेळी मी मोठी होते आणि माझे डोळे उघडे होते. पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं, की पलीकडे ट्रॅक्टर सुरू झाला की टपरीवरच्या गप्पा बंद होतात. कप हवेत थांबतात. वेल्डरचाचा मान तिरकी करतात. मशीन घरघरलं, आवाज बारीक झाला, तसे चाचा पुटपुटले, "आवळलं." मग थोड्या वेळानं, "अजून आवळलं." चहा गाळता गाळता मावशी म्हणाल्या, "आज पन जास्तीच आवळलंय. डाळ पडनार."

माझ्या हातातली खारी कपात पडली. मी म्हणाले, "मावशी! तुम्हाला कसं कळतं?"

"तुला न्हाई कळत?" मावशींना माझंच नवल वाटलं. "इतकी वर्सं हितं उभी हाय, रोज तेच ऐकतीय. बहिऱ्यालाबी कळंल."

मी हसायला लागले ते थांबेचना. ज्या गुपितासाठी आमच्या शेडचं दार बंद होतं, ते रोज ट्रॅक्टरच्या आवाजावर बसून रस्ता ओलांडत होतं! सगळी टपरी सेटिंगमध्ये पास झालेली. फक्त मालकाची मुलगी नापास, कारण ती एमआयडीसीत गेली होती.

चाचा मात्र हसत नव्हते. माणसं पुढे गेल्यावर त्यांनी मला थांबवलं. चाचा आमच्याकडे माझ्या जन्माआधीपासून. म्हणाले, "ताई, मावशीनं बरोबर सांगितलं. हल्ली दादा जास्तीच आवळत्यात. त्यांला दाना फुटल्याला आवाजच येत न्हाई."

घरी टीव्हीचा आवाज वाढत चालला होता, हे खरं. आई म्हणायची, नगरला जाऊन कान दाखवा. दादा म्हणायचे, माझे कान ठणठणीत हायेत, लोकांचेच गळे बसलेत. उभी हयात ज्या आवाजात काढली, त्यानंच त्यांचे कान खाल्ले होते.

"मग मशीनं परत कशी येत नाहीत?" मी विचारलं.

चाचांनी इकडेतिकडे पाहिलं. "दादा जेवाया गेले की मी बोल्ट जरा ढिला करतो. फार न्हाई. अंदाजानं."

"आणि त्यांना सांगत नाही?"

"काय सांगू? मी तर चहाला गेलेलो." चाचांचा आवाज चढला. "जे बघितलंच न्हाई त्यात चूक कशी काढायची? चूक काढली म्हनजी मी ऐकत हुतो हे कबूल केलं. आन मालक म्हनले, तूबी शिकलास व्हय, आता तूबी समोर शेड टाकनार, मग? या वयात मी कुटं जाऊ?"

मला इतका संताप आला की काय सांगू. चाचांचा नाही, दादांचा नाही, त्या चहाचा. दादा झाकून सेटिंग करत होते, चाचा झाकून दुरुस्त करत होते, आणि दोघांच्या मधे एक मशीन रोज दोनदा गुपचूप बदलत होतं. दादांना कळत नव्हतं की आपलं चुकतंय. चाचांना कळत नव्हतं की आपलं नेमकं बरोबर आहे का. आणि दादांचा कान पुरता गेला, की आमच्याकडे जी विद्या होती ती गेलीच म्हणायची. शिल्लक राहणार होता तो चाचांचा अंदाज. मी ठरवलं, आज घरी गेल्यावर बोलायचं. घरी गेले, दादांनी ताटातली भाकर माझ्याकडे सरकवली आणि माझी जीभच उचलली नाही. कंपनीत जुन्या साहेबांना तोंडावर सांगता आलं असतं. बापाला 'तुम्हाला ऐकू येत नाही' कसं सांगायचं? संताप सगळा भाकरीबरोबर गिळला.

जे मला जमलं नाही ते एका शुक्रवारानं केलं. चाचा जुम्म्याच्या नमाजाला गेले होते. तेवढ्यात दादांचं सेटिंग झालं आणि गिऱ्हाईक गाडी घेऊन दारात हजर. पुणतांब्याचे एक शेतकरी, घाईत होते, मशीन जोडलं आणि घेऊन गेले. चाचा परत आले, रिकामी जागा पाहिली आणि मटकन खाली बसले. मी म्हटलं, बघू, कदाचित वाचू. कसलं वाचतोय!

दोनच दिवसांनी ते शेतकरी परत आले, एकटेच, मोटारसायकलवर. खिशातून मूठ काढली आणि दादांसमोर उघडली. मुठीत पिवळी धमक डाळ. "दादा, मी मळनी मशीन मागितलं हुतं," ते म्हणाले. "तुमी डाळमिल दिली."

दादा म्हणाले, "हरभरा लई वाळला आसंल."

"हरभरा न्हाई वाळला. भावकीतल्या सगळ्यांनी माझ्या मशीनच्या भरवशावर हरभरा कापून ठिवलाय. आन आभाळ भरून येतंय. आज सांजच्याला भावाकडं जानार हुतो तुमच्या, त्यांचं मशीन आनाया. तर लोक म्हनले, नको, त्यांचंबी औंदा डाळच पाडतंय. एकाच आईची लेकरं तुमी!"

हे शेवटचं दादांना ऐकू गेलं नाही. मी त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्यानं सांगितलं, "काकांचं मशीनही डाळ पाडतंय म्हणे." दादांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. त्यांनी तो लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर उचलला, पाना घेतला आणि म्हणाले, "चला."

दादा, चाचा आणि मी पिकअपमध्ये बसून निघालो. श्रीरामपूर ओलांडलं. आज दादांना सगळ्यांसमोर सेटिंग करावं लागणार होतं. उघड्या रानात. आणि ते चुकणार होते, हे गाडीतल्या दोघांना माहीत होतं.

शेतात पोचलो तर जत्रा. हरभऱ्याच्या गंजीभोवती अख्खी भावकी उभी. बायका पदर खोचून पाट्या घेऊन तयार. गोदावरीकडून गार वारा सुटलेला आणि उत्तरेला आभाळ काळं. ट्रॅक्टर जोडलेला होता. दादा मशीनजवळ गेले, झाकण काढलं, पाना बोल्टला लावला. मग हात पुसले, मागे वळले आणि सवयीनं मोठ्यानं म्हणाले, "चला, चहा पिऊन या."

कुणी हललं नाही. जाणार कुठं? आजूबाजूला नुसतं रान. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एक म्हातारबा म्हणाले, "चहा कुटाय हितं?" कुणीतरी फिसकन हसलं. चाचांनी मात्र इमानदारीनं मशीनकडे पाठ केली आणि ते दूर बांधाकडे बघत उभे राहिले. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

दादांनी ट्रॅक्टरवाल्याला खूण केली. ड्रम फिरायला लागला. त्यांनी घाट्यांची पेंढी आत टाकली, स्क्रूड्रायव्हर टेकवला, मूठ कानामागे लावली, डोळे मिटले. थोडं आवळलं. परत ऐकलं. मूठ दुसऱ्या कानाला लावली. परत पहिल्या. चेहरा असा कोरा झाला होता त्यांचा, की मला राहवलं नाही. मी पुढे झाले आणि त्यांच्या हातावर हात ठेवला.

"दादा, मला ऐकू द्या," मी ओरडले. "काय ऐकायचं ते तुम्ही सांगा."

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, मग लोकांकडे, मग चाचांच्या पाठीकडे. मला वाटलं, आता पाना फेकणार. रागीट माणूस आहे, माझाच बाप. पण त्यांनी स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला. मूठ गरम होती. मी ती कानामागे लावली आणि बाई गं! सगळं मशीन माझ्या डोक्यात शिरलं.

"काय येतंय?" दादा ओरडले.

"कडकड!"

"कशाची? पापड मोडल्यागत का दाताखाली खडा आल्यागत?"

"दोन्ही!"

"पापड म्हंजी घाटा फुटतोय! तो पायजे! खडा म्हंजी दाना फुटतोय! तो नको! खडा जाईपत्तूर सोडायचं आन पापड हाय तंवर थांबायचं!"

ज्याला कानानं कमी येतं तो आधीच मोठ्यानं बोलतो, त्यात वर ट्रॅक्टर चालू. इतकी वर्षं पत्र्याआड जपलेली विद्या दादांनी अख्ख्या पुणतांब्याच्या शिवाराला ओरडून सांगितली. बांधावरच्या म्हातारबांनीसुद्धा मान डोलावली. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. मी बोटानं खूण करायची, दादांनी पाना फिरवायचा. खडा कमी झाला. आणखी कमी झाला. मग मला कळेना, आहे की गेला?

"आजून अर्धा फेरा," मागून आवाज आला.

चाचा. पाठ तशीच वळवलेली, तोंड बांधाकडे.

दादांना शब्द कळले नाहीत, पण मी त्या आवाजाकडे वळले ते त्यांनी पाहिलं. "काय म्हनतोय त्यो?"

मी सांगितलं. दादांनी ट्रॅक्टर बंद करायला लावला. एकदम शांतता पसरली. वारा तेवढा वाहत होता. दादा चाचांसमोर जाऊन उभे राहिले. "तुला कसं कळतं रे?"

चाचांनी मान वर केली. "दादा, तुमी म्हनला चहाला जा, आमी गेलो. पन कान काय शेडमदी ठिवून जात हुतो का?"

दादांनी हातातला पाना खाली केला. मग म्हणाले, "म्हंजी मागल्या हंगामात माझी मशीनं..."

"जरा ढिली करत हुतो. तुमी जेवाया गेल्यावर."

"मला सांगितलं का न्हाईस?"

"तुमी ऐकलं असतं?"

दादांच्या गालावरची शीर उडाली. मग ते हसले. आधी नाकातून, मग पोटातून, इतके की डोळे पुसावे लागले, आणि ते नेमके हसण्यानंच ओले झाले होते का, हे मी विचारलं नाही. त्यांनी पाना चाचांच्या हातात दिला. "घे. अर्धा फेरा. मला दाखवून कर."

चाचांनी अर्धा फेरा सोडला. मी ऐकलं. खडा गेला, नुसता पापड! मी उड्याच मारल्या. हो, एवढी घोडी, भावकीसमोर, उड्या. तोंडाशी हरभरा पडायला लागला, गोल, अखंड, लालसर. त्या शेतकऱ्यांनी ओंजळ भरून दादांसमोर धरली आणि पहिल्यांदा हसले. घरात कुणीतरी निरोप दिला असावा, कारण थोड्याच वेळात त्यांच्या मालकीण भलंमोठं पातेलं डोक्यावर घेऊन बांधावरून येताना दिसल्या. चहा! आभाळ डोक्यावर आलेलं, मशीन चालू, आणि आम्ही मशीनला खेटून उभे राहून चहा प्यायलो. पहिला कप दादांनी उचलला. कुणी त्यांना शनिवारची गोष्ट सांगितली नव्हती. पाऊस यायच्या आत गंजी संपली.

त्यानंतरच्या सेटिंगला दादा आमच्या शेडच्या तोंडाशी उभे राहिले, हात पुसले आणि म्हणाले, "चला रे, चहा..." माणसं निघालीसुद्धा. दादा थांबले. मग रस्त्यापलीकडे ओरडले, "मावशी, चहा हिकडं आना!" मावशी स्वतः किटली घेऊन आल्या. इतकी वर्षं जे नुसतं ऐकलं होतं ते त्यांनी पहिल्यांदा जवळून पाहिलं आणि म्हणाल्या, "एवढंच व्हय?" दादांना ते ऐकू आलं नाही, बरं झालं. बोर्डावरचा शर्ट गेला. 'शुभ लाभ' आहे. त्याच्याखाली चाचांनी एक पापड काढला आणि एक खडा. चित्रकला सुमार, पण नवीन माणसाला समजायला पुरेशी.

मला वाटलं, संपली गोष्ट. पण एक दिवस सकाळी दादांनी लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर माझ्यापुढे ठेवला. "फाट्यावर जाऊन ये," म्हणाले. फाट्यावर म्हणजे काकांकडे. "त्योबी माझ्यागत त्याच आवाजात वाढला. त्याचेबी कान गेले असनार. आन त्याला कोन सांगनार? त्यानंबी माझंच बघून मानसं चहाला लावली."

"दादा, ते आपल्यासमोर उभं राहिलेलं वर्कशॉप आहे," मी मुद्दाम म्हणाले.

"तुला जायचंय का न्हाई?"

मी स्कूटी काढली. रस्ताभर मनात नुसती धामधूम. काकांची शेड आमच्यासारखीच, मोकळी जागा तशीच, आणि समोर टपरीवर माणसं बसलेली, कप हवेत थांबलेले. मला तिथंच हसू फुटलं. आत काका एकटे, मशीनला कान लावून. मला पाहून दचकले, मग सावरून म्हणाले, "आगं, तू व्हय? बस बस. जा, आधी चहा पिऊन ये."

मी पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढून त्यांच्यापुढे धरला. काकांनी ती मूठ लगेच ओळखली. याच मुठीवर ते शिकले होते. त्यांनी ती हातात घेतली, अंगठ्यानं चोळली, कानामागे लावून बराच वेळ मशीन ऐकलं. मग माझ्याकडे न बघता स्क्रूड्रायव्हर परत माझ्या हातात दिला.

"दादानं पाठिवलं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग तूच ऐक," काका म्हणाले, आणि दाराशी जाऊन त्यांनी टपरीवरच्या माणसांना आत बोलावलं.